कॉलरवाला टी-शर्ट

नाशिकच्या मेन रोडला, शालिमारला किंवा कॉलेज रोडच्या काचेच्या दुकानात जाऊन ‘पोलो शर्ट दाखवा’ म्हणणारं गिऱ्हाईक विरळाच. आपण म्हणतो, ‘कॉलरवाला टी-शर्ट द्या.’ दुकानदारही आत हाक मारतो ती ‘कॉलरचे काढ रे, बेचाळीस साइज’ अशीच. टी-शर्टाच्या जाती दोन, राऊंड नेक आणि कॉलरवाला. टॅगवर काहीही छापलेलं असो, हे देशी नाव या कपड्याला जास्त शोभतं. बनियनच्या कुळातलं कापड आणि शर्टाच्या कुळातली कॉलर, असा हा संसार आहे. तो टिकणार की वर्षभरात कुरबुरी सुरू होणार, हे कॉलरीकडे नीट पाहिलं तर दुकानातच कळतं. बहुतेक लोक पाहतात मात्र रंग आणि छातीवरचं चित्र.

‘पोलो’ या नावाची गोष्ट थोडी तिरपागडी आहे. खेळ आपल्याकडचा. मणिपूरच्या ‘सगोल कांगजेई’वरून ब्रिटिशांनी तो उचलला आणि १८५९ साली सिल्चरला क्लब काढला. कपडा मात्र घोड्यावरून आलेला नाही, तो टेनिसचा. शंभर वर्षांपूर्वी टेनिस खेळणारे लांब बाह्यांचे, ताठ कॉलरचे पांढरे शर्ट घालून घामाघूम होत. रने लाकोस्त या फ्रेंच खेळाडूने १९२६ साली अमेरिकेतल्या स्पर्धेत आखूड बाह्यांचा, मऊ कॉलरचा, जाळीदार विणीचा सदरा घातला. पुढे १९३३ साली आंद्रे जिलिए या होजिअरीवाल्याला हाताशी धरून त्याने तो विकायलाही काढला, छातीवर मगर चिकटवून. त्या शर्टाचं नाव ‘एल.१२.१२’. ‘एल’ म्हणजे लाकोस्त, १ म्हणजे ते कापड, २ म्हणजे आखूड बाही आणि १२ म्हणजे पसंत पडलेला नमुना क्रमांक. पोलोवाल्यांनी तो नंतर अंगावर चढवला. १९७२ साली अमेरिकन डिझायनर राल्फ लॉरेनने ‘पोलो’ नावाने चोवीस रंगांत शर्ट आणले, तेव्हा हे नाव जगभर रुळलं.

या इतिहासातल्या दोन गोष्टी आजही उपयोगाच्या आहेत. कॉलर मऊ ठेवली ती उभी करून मानेवरचं ऊन अडवता यावं म्हणून. मेच्या दुपारी द्वारका सर्कलच्या सिग्नलला दुचाकीवर थांबलेल्या माणसाला यातलं शहाणपण वेगळं सांगायला नको. दुसरी गोष्ट म्हणजे पाठीमागची जरा लांब किनार. वाकल्यावर शर्ट पँटीतून सुटू नये म्हणून ती ठेवलेली असते. आजही काही पोलोंची मागची किनार पुढच्यापेक्षा एक-दोन इंच लांब असते. तो शिंप्याचा घोळ समजून कापून घेऊ नका. मात्र असा शर्ट खोचून घालायचा असतो. बाहेर सोडायचा असेल तर सरळ किनारीचा आणि बाजूला छोटी चीर असलेला घ्यावा.

कापडाकडे वळण्याआधी एका क्रियापदाची अडचण. मराठीत येवल्याची पैठणी विणतात, मालेगावचं कापडही विणतात आणि घरातली आजी स्वेटरही विणते. तिन्हींना एकच शब्द, पण कामं दोन. पैठणी आणि मालेगावचं कापड ताण्या-बाण्याचं असतं. उभे धागे ताणलेले, आडवा धागा त्यातून जातो, आणि कापड आपल्या जागी घट्ट बसतं. स्वेटर फाशांचा असतो. एकाच धाग्याचे फासे एकमेकांत अडकवत जायचे. कॉलरवाला टी-शर्ट आजीच्या स्वेटरचा भाऊबंद आहे. त्याचे सगळे गुण आणि सगळी दुखणी या फाशांतून येतात. फासा ताणला जातो, म्हणून कापड अंगासरशी हलतं, चुरगळत नाही, हवा खेळती ठेवतं. फासा सैल पडतो, म्हणून ते लोंबतं, आटतं, पिळवटतं. बाजारातही दोघांचे हिशोब वेगळे. मागावरचं कापड मीटरवर विकतात, तिरुप्पूर-लुधियानाचं फाशांचं कापड किलोवर.

किलोवर विकतात म्हणूनच या धंद्यात ‘जीएसएम’ हा शब्द सतत कानावर पडतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. पोलोसाठी साधारण १८० ते २४० हा पट्टा. १८०च्या खाली गेलं की कापडाला कॉलरीचा भार पेलवत नाही, गळा खाली ओढला जातो आणि पांढऱ्या रंगात बनियनची कड आरपार दिसते. २४०च्या वर गेलं की थंडीत बरं, पण एप्रिलमध्ये अंगावर सतरंजी घेतल्यासारखं होतं. नाशिकसाठी २०० ते २२० हा आकडा बाराही महिने निभावतो. आता दुकानात जीएसएम कोण सांगणार? काही टॅगवर असतो, बऱ्याचदा नसतो. घरी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर टी-शर्ट ठेवून पाहा. बेचाळीस साइजचा, २२० जीएसएमचा पोलो कॉलर-बटणांसकट दोनशे ते अडीचशे ग्रॅमच्या दरम्यान भरतो. दीडशेच्या आसपास भरला तर तो कॉलर लावलेला बनियनच.

कापडाची बाजारातली नावं तीन-चारच आहेत. ‘सिंकर’ म्हणजे साधं सिंगल जर्सी, राऊंड नेकचं कापड. पुढून गुळगुळीत, मागून आडव्या कमानी. ‘मॅटी’ म्हणजे बारीक मधमाशीच्या पोळ्यासारखा पोत असलेलं कापड. इंग्रजीत त्याला पीके म्हणतात आणि खरा पोलो याचाच. मॅटी विणताना यंत्राची सुई काही जागी जुना फासा सोडायच्या आधीच नवा धागा पकडते. एकावर एक फासे साचतात आणि तिथे उंचवटा येतो. हे उंचवटे कापडाला त्वचेपासून केसभर दूर ठेवतात, म्हणून घाम आला तरी मॅटी पाठीला चिकटत नाही. सिंकर चिकटतो. मॅटीत थोडा कडकपणाही असतो, त्यामुळे पोटाच्या वळणावर ती नरमाईने जाते. सिंकर प्रत्येक वळी छापून दाखवतो. तिसरं ‘इंटरलॉक’. दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, जड, अंगावर झुळझुळीत. समारंभाला बरं दिसतं, उन्हात नको. चौथं ‘डॉट निट’, बारीक छिद्रांचं पॉलिएस्टर. क्रिकेटच्या जर्सीचं कापड ते हेच.

सुती की मिश्र, हा वाद घरोघरी आहे. आपल्याकडे ‘प्युअर कॉटन’ म्हटलं की पुढे बोलायचं काम नाही, अशी समजूत असते. ती अर्धीच खरी. नाशिकची उन्हाळ्यातली हवा कोरडी असते. कोरड्या हवेत सूत घाम पितं, तो उडून जातो, अंग थंड राहतं. पण सकाळी पंचवटी एक्सप्रेस धरून मुंबईला नोकरीला जाणाऱ्याची गोष्ट निराळी. नाशिकरोडला जो जाड सुती मॅटी झकास वाटतो, तो कसारा घाट उतरला की दादरच्या दमटात ओला राहतो, आणि संध्याकाळी परतीच्या गाडीत त्याचा वास शेजाऱ्यालाही कळतो. त्याच्यासाठी साठ टक्के सूत आणि चाळीस टक्के पॉलिएस्टर हे मिश्रण शहाणपणाचं. पावसाळ्यातही तसंच. गंगापूर धरणाच्या बाजूने ढग उतरले की सुती मॅटी दोन-दोन दिवस दांडीवर लोंबत राहते आणि तिला कुबट वास धरतो. मिश्र कापड रात्रीतून सुकतं. त्याचा तोटा दुसरा, त्यावर गोळे येतात. घासल्यावर सुताचे तंतू वर येतात आणि तुटून पडतात. पॉलिएस्टरचा तंतू चिवट असल्याने तो गोळा धरून ठेवतो, पडू देत नाही. बॅगेचा पट्टा, गाडीचा सीटबेल्ट, हेल्मेटची पट्टी जिथे घासते तिथे, म्हणजे खांद्यावर आणि कॉलरीखाली, ते आधी दिसतात.

टॅगवर ‘बायोवॉश’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच, की एन्झाइमच्या पाण्यात धुऊन सुताची वरची लव खाऊन टाकलेली आहे. लव कमी म्हणजे गोळेही कमी. दुकानदाराच्या शब्दावर राहायचं नसेल तर टी-शर्ट दाराजवळ न्या, बाही उजेडासमोर आडवी धरा आणि कडेवर नजर टाका. कड स्वच्छ रेषेसारखी दिसली तर बायोवॉश झालाय. धुक्यासारखी लव दिसली तर झालेला नाही, टॅग काहीही म्हणो. ‘कोम्ब्ड’ सुतातून आखूड तंतू विंचरून काढलेले असतात, म्हणून त्याला लव मुळातच कमी. कापडात चार-पाच टक्के लायक्रा असेल तर कोपर, पोट, पाठ इथे ताणलेलं कापड परत जागेवर येतं. पण लायक्राला गरम इस्त्री आणि क्लोरीनचं ब्लीच सोसत नाही. मग दोन वर्षांनी किनारीला पापडासारख्या लाटा येतात. टॅगच नसेल तर शिवणीच्या आत राहिलेल्या कापडाचा धागा (शिलाईचा दोरा नव्हे) काढून जाळून पाहावा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी बनतो.

आता कॉलर.

शर्टाच्या कॉलरीत दोन पदर असतात, मध्ये बुक्रमचं कडक अस्तर असतं आणि खाली मानेभोवती उभा पट्टा असतो. म्हणून ती ताठ राहते. पोलोच्या कॉलरीत यातलं काहीच नसतं. ती बहुतेक वेळा वेगळ्या, सपाट यंत्रावर विणलेली एकपदरी रिबची, म्हणजे उभ्या रेघांच्या लवचीक विणीची, पट्टी असते. तिची बाहेरची कड यंत्रावरच बंद होऊन येते, आतली गळ्याला शिवली जाते. अंगाचं कापड एका यंत्रावरचं, कॉलर दुसऱ्या यंत्रावरची. दोन्हींच्या धाग्याची जाडी वेगळी, विणीचा घट्टपणा वेगळा. म्हणजे पाण्यात आटण्याचं प्रमाणही वेगळं. सगळ्या तक्रारींचं मूळ इथे आहे. कॉलर अंगापेक्षा जास्त आटली तर गळा आवळतो आणि कॉलरीची टोकं वर वळतात, भाजलेल्या पापडाच्या कडेसारखी. अंग जास्त आटलं तर गळ्याशी चुण्या पडतात. कॉलर सैल विणलेली असेल तर चार धुण्यांत तिची कड लाटेसारखी होते आणि ती खांद्यावर निजते.

म्हणून कॉलर हातात घेऊन तपासायची. चिमटीत धरा. अंगाच्या कापडापेक्षा ती जाड आणि घट्ट लागली पाहिजे. दोन्ही टोकं हातात धरून इंचभर ताणा आणि सोडा. ती लगेच परत आली तर ठीक, आळसावून परत आली तर ठेवून द्या. दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून लांबी सारखी आहे का पाहा. अर्ध्या सेंटिमीटरचा फरकही बटण लावल्यावर चेहऱ्यासमोर दिसतो. मग कॉलर उलटी करा. मानेच्या मागे, शिवणीवर आडवी पट्टी लावलेली आहे का? चांगल्या मालात ती एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत जाते. पट्टी नसेल तर तिथली ओव्हरलॉकची शिवण मानेला टोचते, शिवाय गळा दर धुण्याला थोडा थोडा पसरत जातो. शेवटी उजेडात रंग पाहा. कॉलर आणि अंग एकाच घाण्यात रंगवलेलं नसेल तर दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली जुळलेला नेव्ही ब्लू उन्हात दोन निळ्यांत फुटतो. हे पाहायला दुकानाच्या पायरीपर्यंत यावं लागतं. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्यावा.

ऑफिसला कोटाखाली किंवा नुसताच ताठ दिसणारा पोलो हवा असेल तर अंगाच्याच कापडाची, दोन पदरांची, आत फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटवलेलं अस्तर, घातलेली कॉलर मिळते. काहींना खाली शर्टासारखा उभा पट्टाही असतो. ती टोकं वळवत नाही आणि इस्त्री धरते. मात्र फ्यूजिंग हलकं असेल तर गरम इस्त्रीनंतर आत बुडबुडे येतात. नवीन घेताना कॉलर दोन बोटांत चोळून पाहावी. पदर एकमेकांवर सरकले तर चिकटवण कच्ची आहे.

कॉलरीखालची बटणपट्टी ही दुसरी कसोटी. दोन बटणं असतील तर पट्टी साधारण पाच इंच, तीन असतील तर सहा-सात. दोन बटणांचा गळा नीटस दिसतो, तीन बटणांचा उन्हात मोकळा करता येतो. पट्टीच्या आत फ्यूजिंग नसेल तर काज पसरतं, बटण सुटत राहतं आणि पट्टी सापासारखी वळते. पट्टीच्या खालच्या टोकाला चौकोनी टिप किंवा त्यात फुली मारलेली असते. ती नक्षी वाटली तरी तिथेच सगळी ओढ बसते. डोक्यातून शर्ट घालताना फाटतं तेही तिथूनच. काजाचे धागे सुटलेले असतील तर घरी आल्यावर कात्रीने ओढू नका, वरून दोन टाके घाला.

मापाबद्दल आपली एक जुनी खोड आहे. पोट सुटलं की आपण एक नंबर मोठा घेतो. मोठ्या नंबरात पोट लपत नाही, खांदा मात्र दंडावर उतरतो आणि माणूस थोरल्या भावाचा कपडा घातल्यासारखा दिसतो. आधी खांदा जुळवायचा. खांद्याची शिवण हाडाच्या टोकाशी थांबली पाहिजे. मग छाती. तुमच्या छातीच्या मापापेक्षा टी-शर्टाचा घेर तीन ते चार इंच जास्त असावा, अंगासरशी हवा असेल तर दोन इंच पुरे. एका कंपनीचा बेचाळीस दुसरीचा चाळीस असतो, म्हणून नंबरावर विसंबू नये. घरचा चांगला बसणारा टी-शर्ट सपाट पसरून एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत टेपने मोजा, उंची मोजा, ते दोन आकडे मोबाइलमध्ये ठेवा आणि दुकानात फक्त तेच जुळवा. बाही दंडाच्या मध्यावर संपावी. बाहीत दोन बोटं सहज जावीत, मूठ गेली तर सैल. उंची बाहेर सोडण्यासाठी पँटीच्या चेनच्या मध्यापर्यंत. हात वर केल्यावर पोट दिसलं तर आखूड.

त्यात आटण्याची जागा सोडा. सुती विणीचं कापड उंचीला पाच टक्के आटणं ही सामान्य गोष्ट आहे. अठ्ठावीस इंचाचा शर्ट सव्वा-दीड इंचाने तोकडा होतो. ‘आटणार नाही दादा, कंपनीचा माल आहे’ हे वाक्य मेन रोडवर जितकं जुनं, तितकंच खोटं. कापड कॉम्पॅक्टिंग करून, म्हणजे आधीच दाबून आटवून शिवलं असेल तर आटतं कमी, इतकंच. दुसरं दुखणं पिळाचं. धाग्याचा पीळ सुटू पाहतो आणि त्याबरोबर सिंकरचं अंग फिरतं. बाजूची शिवण चार धुण्यांनंतर बेंबीकडे सरकते. नवा शर्ट पसरून बगलेतली शिवण खालपर्यंत सरळ येते का पाहा. दुकानातच तिरपी असेल तर घरी गेल्यावर ती सरळ होणार नाही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पोलो आता गणवेश झाला आहे. खाकी शर्टापेक्षा तो हलतो बरा, आणि कॉलरमुळे पाहुण्या गिऱ्हाइकासमोर उभं राहायला लाज वाटत नाही. पण गणवेश ठरवणारा माणूस बहुधा एसीत बसतो आणि डॉट निट पसंत करून मोकळा होतो, कारण तो स्वस्त, रंग पक्का, इस्त्री नको. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगच्या शॉपमध्ये हे कापड घातक आहे. ठिणगी पडली की सुताला भोक पडतं. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. तिथे सुतीच हवं, आणि त्यावर कामाचा एप्रन. लेथ, ड्रिल अशा फिरत्या यंत्रांपाशी शर्ट खोचलेला हवा, गळ्यातली ओळखपत्राची दोरी काढलेली हवी. असेंब्ली आणि पॅकिंगला मात्र मिश्र मॅटी उत्तम.

खिशाचा एक वाद प्रत्येक ऑर्डरीत निघतो. आपल्या माणसाला छातीवर खिसा हवा असतो. त्यात पेन, स्टीलची पट्टी, आणि आता मोबाइल. फाशांच्या कापडाला दोनशे ग्रॅमचा मोबाइल पेलत नाही. पंधरवड्यात ती बाजू इंचभर खाली येते आणि कॉलरही त्या बाजूला कलते. खिसा द्यायचाच असेल तर आत बुक्रमची पट्टी घालून, फक्त पेनापुरता.

लोगो कशाने घालायचा तेही कापडावर ठरतं. भरतकाम मॅटीवर छान बसतं, पण मागे न विणलेल्या कापडाचा अस्तर-तुकडा हवाच. नसेल तर टाके कापड गोळा करतात आणि लोगोभोवती सुरकुत्या पडतात. सिंकरवर भरगच्च भरतकाम करायचंच नाही. छातीवर तीन ते साडेतीन इंच रुंदी पुरे. जागा डाव्या बाजूला, गळ्यालगतच्या खांद्याच्या शिवणीपासून सात-आठ इंच खाली. पाठीवर मोठा मजकूर हवा असेल तर स्क्रीन प्रिंट. सब्लिमेशनचे, म्हणजे उष्णतेने कापडात उतरवलेले, झगझगीत रंग फक्त फिक्या पॉलिएस्टरवर उठतात. सुतीवर ते धरतच नाहीत, त्यामुळे ‘सुतीवर सब्लिमेशन करून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करावा.

गणपती मंडळ असो की कंपनी, शंभर नगांची ऑर्डर द्यायच्या आधी प्रत्येक साइजचा एक नमुना मागवून अंगात घालून पाहावा. एक नमुना तीनदा धुऊन, वाळवून, धुण्याआधीच्या मापाशी ताडून पाहावा. धुण्याआधी त्यावर बॉलपेनने उंची-रुंदी लिहून ठेवली की वाद उरत नाही. सगळे नग एकाच रंगाच्या लॉटमधले हवेत, हे बिलावर लिहून घ्यावं. उरलेले वीस नग नंतर मागवले की रंग हमखास एक छटा हलतो आणि फोटोत ते वीस जण वेगळे दिसतात. बायकांसाठी बायकांचाच कट मागवा. ‘युनिसेक्स आहे मॅडम’ म्हणून पुरुषांचा छत्तीस दिला की खांदा उतरतो, बाही कोपराला येते, आणि नितंबापाशी घेर अडकतो. लाइनवर आठ तास उभ्या राहणाऱ्या बाईला तो कपडा दिवसभर खाली ओढत बसावा लागतो.

फावल्या वेळच्या पोलोचं फार काही सांगायला नको. रविवारी मिसळ खायला जाताना पांढरा घालू नये, हे नाशिककराला लहानपणीच कळतं. तर्री सांडलीच तर आधी कोरडं पीठ दाबून तेल शोषून घ्यावं, मग भांड्यांचं द्रव साबण, मग पाणी. उलटा क्रम केला तर हळदीचा डाग बसतो. नंतर उन्हात वाळवलं की हळद बऱ्यापैकी उडते. पांडवलेणीला चढायचं असेल तर डॉट निट, द्राक्षमळ्यात संध्याकाळी बसायचं असेल तर सुती मॅटी. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून येणारा गारठा पाहता त्यावर अर्धं स्वेटर. पोलोची कॉलर स्वेटरच्या व्ही गळ्यातून बाहेर काढली की वेगळा शर्ट लागत नाही. आत बनियन घालायचाच तर पांढऱ्याऐवजी फिका राखाडी किंवा कातडीच्या रंगाचा घ्यावा. पांढऱ्या टी-शर्टाखाली पांढरा बनियन उठून दिसतो.

धुण्यात आपण जेवढं बिघडवतो तेवढं घालण्यात बिघडत नाही. बटणं उघडी, शर्ट उलटा, कॉलर सपाट, पाणी थंड किंवा कोमट. पावडर कमी टाका. बोअरच्या जड पाण्यात जास्त पावडर म्हणजे जास्त फेस नसून जास्त साका. तो कॉलरीच्या रिबमध्ये बसतो आणि ती पुठ्ठ्यासारखी होते. अशा पाण्याला एक खळबळून काढणं जास्त लागतं. कॉलरीची मळकट रेघ ब्रशने खरवडू नये, फाशांचे तंतू तुटतात. थोडा साबण लावून अर्धा तास ठेवावं आणि कापडावर कापड चोळावं. बगलेतला पिवळा डाग बहुधा नुसत्या घामाचा नसतो. घाम रोखणाऱ्या डिओडरंटमधल्या ॲल्युमिनियमचा आणि घामाचा मिळून तो बनतो. त्यावर क्लोरीनचं ब्लीच टाकलं की पिवळा आणखी गडद होतो. डिओ अंगावर पूर्ण सुकल्यावर शर्ट घाला, निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

वाळवताना पिळू नका. पाणी प्यालेली सुती मॅटी जड होते. खांद्याला चिमटे लावून टांगली की ती स्वतःच्या वजनाने लांबते आणि चिमट्यांच्या जागी खांद्याला दोन शिंगं फुटतात. दांडीवर बगलेच्या रेषेत अर्धी-अर्धी टाकावी, उलटीच, सावलीत. ओली असतानाच कॉलर हाताने ओढून सरळ करावी, टोकं जागेवर बसवावीत. हे अर्ध्या मिनिटाचं काम नंतरची दहा मिनिटांची इस्त्री वाचवतं. इस्त्री करायचीच तर कॉलर उघडी पसरून, उलट्या बाजूने, टोकाकडून मध्याकडे. मध्याकडून टोकाकडे गेलात तर टोकाला कापड साचतं आणि ते वर वळतं. घडीवर इस्त्री फिरवू नका. रिबला घडी धरवत नाही, नुसती चकाकी येते. कपाटात हँगरला न अडकवता घडी घालून ठेवा.

एवढं करूनही चार-पाच वर्षांनी कॉलर आधी जाते. मानेशी घासून घडीवरचे फासे झिजतात, बाहेरची कड उसवू लागते, अंग मात्र शाबूत असतं. रविवार कारंजाच्या आसपास अजून काही आल्टरवाले आहेत, ते मानेची पट्टी उसवून नवी रिब कॉलर बसवतात. पण रंग जुळत नाही, म्हणून जुन्या अंगाला मुद्दाम वेगळ्या रंगाची कॉलर लावावी, ती ठरवून केल्यासारखी दिसते. तेवढी हौस नसेल तर शर्ट फरशीच्या कापडांत जातो. त्यात सुती मॅटीचा हात कुणी धरणार नाही. डॉट निट पाणी नुसतं इकडून तिकडे ढकलतं. बटणं कापून डब्यात टाकायची, बटणपट्टी काढायची, आणि कॉलर आधी कातरून टाकायची, कारण पुसायला ती काही कामाची नसते. उरतो तो राऊंड नेक.